दोनशे डॉलर माफ झाले, नोंदणी माफ नाही

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. दीड वर्षापूर्वी ग्रीन कार्ड झालं, आता साडेदहा इंची नळीची एआर (एआर-१५ धर्तीची सेमी-ऑटोमॅटिक) रायफल घ्यायची इच्छा आहे. ‘आखूड नळीच्या रायफलीवरचा केंद्राचा दोनशे डॉलरचा कर गेला, टेक्सासनेही आपला कायदा काढून टाकला, मग आता राज्याकडून कोणता परवाना काढावा लागतो?’ असं त्यांनी विचारलंय. शेवटी जाता जाता दोन वाक्यं लिहिली आहेत. धाकटा भाऊ एच-१बी वर आहे, त्यांच्याकडेच राहतो, दोघं मिळून नेमबाजीच्या रेंजवर जातील. आणि पुढल्या वर्षी कंपनी न्यू जर्सीला हलवेल असं दिसतंय.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: टेक्सासचा असा कोणताही परवाना नाही, काढायचा नाही. पण तुमची खरी अडचण त्या जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत आहे, म्हणून उत्तर लांबणार.

आधी मी कोण ते सांगतो. मी वकील नाही. मूळचा सांगलीकडचा, आणि गेली चौदा वर्षं उत्तर टेक्सासमधल्या एका बंदुकीच्या दुकानात कागदपत्रांचं टेबल सांभाळतो. आखूड नळीच्या रायफली आणि सायलेन्सर यांचे फॉर्म भरणं, बोटांचे ठसे घेणं, एटीएफकडून (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याकडून) परत आलेले अर्ज दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते मी खात्रीने सांगू शकतो. तुमच्या इमिग्रेशनच्या फायलीत काय आहे ते मला दिसत नाही, आणि काही ठिकाणी सगळं त्यावरच ठरतं.

आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात बंदूक म्हटलं की ‘परवाना’ येतो. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात तो, पूर्वी तीन वर्षांनी आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी नूतनीकरण होणारा, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला लावणारा. माझ्या मामांकडे रानडुकरांसाठी शेती संरक्षणाची बारा बोअर होती, तिचं ते पिवळं पडलेलं पुस्तक मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. इथे तसं नाही. साध्या १६ इंची रायफलीला टेक्सासमध्ये परवानाच नाही. आखूड नळीच्या रायफलीला लागते ती केंद्राची नोंदणी, आणि ती एका विशिष्ट नंबरच्या बंदुकीची एका विशिष्ट मालकाच्या नावावर असते. एकदा झाली की नूतनीकरण नाही. पण नोंदणी नसलेली ती वस्तू हातात सापडली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (नळी कापण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांचा सूर सारखाच आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम खास त्यासाठीच आहे: परवान्याशिवाय नळी आखूड करायची नाही.)

ही केंद्राची नोंदणी १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टची. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. पिस्तुलावर नोंदणी लावली तर लोक रायफल कापून खिशाएवढी करतील, म्हणून आखूड रायफलीचं कलम घातलं. पुढे विरोधामुळे पिस्तुलं वगळली गेली, कलम मात्र तसंच राहिलं. म्हणजे जी पळवाट बुजवायची होती तिचा रस्ताच उरला नाही, आणि बुजवणी नव्वद वर्षं टिकली. सुरुवातीला मर्यादा १८ इंचांची होती, १९६० मध्ये रायफलीसाठी ती १६ वर आली. आज नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी, यातलं एक जरी लागू झालं तरी ती ‘शॉर्ट बॅरल रायफल’, आमच्या बोलीत एसबीआर.

आता २०२५ च्या दोन बातम्या. या दोन बातम्यांनी माझ्या टेबलावर जेवढा गोंधळ आणला तेवढा आधीच्या दहा वर्षांत नव्हता. पहिली ४ जुलैची. त्या दिवशी सही झालेल्या कायद्याने एसबीआर आणि सायलेन्सर यांच्यावरचा १९३४ पासूनचा दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. दुसरी टेक्सासची. १ सप्टेंबर २०२५ पासून राज्याच्या दंड संहितेतल्या निषिद्ध शस्त्रांच्या यादीतून आखूड नळीची बंदूक काढली गेली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण लोकांनी त्यांची बेरीज करून ‘आता काहीच लागत नाही’ असं उत्तर काढलं, ते साफ चूक आहे. कर शून्य झाला. अर्ज, ठसे, फोटो, मंजुरी जिथल्या तिथे आहे. टेक्सासने आपलं कलम काढलं म्हणजे टेक्सासचा पोलीस त्या कलमाखाली गुन्हा नोंदवणार नाही एवढंच. केंद्राचं कलम जसंच्या तसं उभं आहे. कर शून्य झाल्यावर ‘कराच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी आता टिकते का’ असा मुद्दा घेऊन काही दावे फेडरल कोर्टांत गेले आहेत. त्यांचं काय व्हायचं ते होईल. दावा चालू आहे म्हणून नोंदणी टाळलेला माणूस हा दाव्यातला पक्षकार नसतो, खटल्यातला आरोपी असतो.

फेब्रुवारीत एक जण दुकानात आला, तरुण, अतिशय सभ्य. पिशवीतून त्याने रायफलीचा आठ इंची नळीचा सुटा वरचा भाग काढला आणि म्हणाला, ‘हा घरच्या रायफलीला बसवला, कर माफ झालाय ना, फक्त रजिस्टर कुठे करू?’ मी त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. आधी मंजुरी, मग जोडणी. हा क्रम उलटा झाला की जोडणी हाच गुन्हा, आणि नंतर केलेल्या अर्जाने तो पुसला जात नाही. त्याला वकिलाचा रस्ता दाखवला. दुकानात येऊन आम्हाला सांगण्याआधी त्याने तोच रस्ता धरायला हवा होता.

आता माणसाकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत हाच भाग सगळ्यात जड आहे. तुम्ही ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायदेशीर कायम रहिवासी. तुम्हाला साधी रायफलही घेता येते आणि एसबीआरही. दुकानात खरेदीच्या वेळी भरायच्या ४४७३ फॉर्मवर नागरिकत्वाच्या रकान्याखाली तुमचा एलियन नंबर (ग्रीन कार्डावरचा ‘ए’ क्रमांक) लिहायचा, बाकी सगळं नागरिकासारखंच. भावाचं तसं नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे, आणि त्यावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. विकत घ्यायला नव्हे, बाळगायला. रेंजवर दहा मिनिटं हातात धरणं हेही बाळगणंच. एसबीआर असो की पॉइंट टू-टूची साधी रायफल, यात फरक नाही.

याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणं. हे ऐकून लोक हसतात. भाजी-भाकरी खाणारा माणूस हरणाच्या शिकारीचा परवाना काढतो म्हणून. पण कायदा तसा आहे. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, आणि वर्षाचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. ही तारीख मी मुद्दाम सांगतोय. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी रेंजवर आलेल्या तीन मित्रांपैकी दोघांचे परवाने चार दिवसांपूर्वी संपलेले, असं मी स्वतः पाहिलंय. त्यांना वाटत होतं ‘एकदा काढला की झालं’. रेंजवाला विचारेलच असं नाही. त्याने न विचारणं म्हणजे तुम्हाला परवानगी मिळणं नव्हे.

यातलं गांभीर्य कळण्यासाठी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा रहाइफ खटला पुरे. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, मार्क पडले नाहीत म्हणून विद्यापीठाने काढलं, व्हिसाचा आधार गेला. पुढे तो एका रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. एवढ्यावर फेडरल गुन्हा. सुप्रीम कोर्टाने शेवटी म्हटलं की आपला दर्जा संपलाय हे त्याला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. निकाल त्याच्या बाजूचा, पण तिथवर पोचेपर्यंत आयुष्याची किती वर्षं गेली ते बघा. आणि तुमच्या भावाला आपला व्हिसा कोणता ते चांगलंच माहीत आहे, म्हणजे हा आडोसाही त्याला नाही.

बरं, रेंज सोडा. तो तुमच्याच घरात राहतो. तुमच्या तिजोरीचा आकडा काय आहे? मी हे प्रत्येक देशी गिऱ्हाइकाला विचारतो आणि दहातल्या सात जणांचं उत्तर मुलीची जन्मतारीख असतं. घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली. बंदूक हातात घेतली नाही तरी हवी तेव्हा घेता येईल अशी सोय ज्याच्याकडे आहे, त्याच्या ताब्यात ती आहे असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो. भाऊ असो, एच-४ वरची वहिनी असो, व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेले आईवडील असोत. बाबांना कौतुकाने ‘बघा कशी आहे’ म्हणून हातात देणं आपल्याला इतकं सहज वाटतं की त्यात कायदा येतो हे कुणाच्या मनातही येत नाही. देणाऱ्या माणसालाही यात वेगळं कलम लागू शकतं.

आणि तुमच्यापुरतं आणखी एक. नागरिकाला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर तो तुरुंगात जाऊन घरी येतो. ग्रीन कार्डधारकाला बंदुकीसंबंधीच्या कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवलं तर इमिग्रेशन कायद्याखाली हद्दपारीचं कारण तयार होतं. राज्याचा गुन्हा असला तरी. म्हणून ‘झालं तर दंड भरू’ हा हिशेब तुम्ही करायचाच नाही.

आता राज्यांकडे. लोकांना वाटतं राज्यं दोन प्रकारची असतात, हो म्हणणारी आणि नाही म्हणणारी. कागदावर मात्र रंग बरेच आहेत. टेक्सासचं आपण पाहिलं: राज्य आता गप्प आहे. फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाची संहिता वाचलीत तर दचकाल, कारण तिथे आखूड रायफल आधी सरळ निषिद्ध म्हटली आहे आणि मग पुढच्या ओळीत ‘केंद्राच्या कायद्याप्रमाणे रीतसर असेल तर सोडून’ असं आहे. पेनसिल्व्हेनियाही साधारण याच वळणाचं. अशा राज्यात मंजूर झालेला फॉर्म हाच तुमचा बचाव, म्हणून त्याची प्रत बंदुकीच्या पिशवीत ठेवा. मूळ कागद घरी, प्रत पिशवीत, फोटो फोनमध्ये. पेनसिल्व्हेनियात दुसरी मेख आहे: तिथल्या कायद्यात ‘फायरआर्म’ या शब्दाच्या व्याख्येत पिस्तुलाबरोबर १६ इंचांखालची रायफलही येते, त्यामुळे गाडीतून नेण्याचे पिस्तुलाचे नियम तिला लागू होतात.

मेरीलँडमध्ये एसबीआर ठेवता येते, पण सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलीची एकूण लांबी २९ इंचांपेक्षा कमी असली तर ती वेगळ्याच बंदीत सापडते. इलिनॉयमध्ये बंदी आहे, पण जुन्या संग्राह्य बंदुकांचं फेडरल लायसन्स असलेल्याला मर्यादित वाट आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१४ मध्ये एसबीआरला दार उघडलं आणि २०२३ मध्ये एआर धर्तीच्या नव्या रायफलींची विक्रीच थांबवली. म्हणजे एक दार उघडं, पण त्यातून आणायला वस्तू नाही. मिशिगननेही २०१४ मध्ये परवानगी दिली. आणि मग सरळ नाही म्हणणारी: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ऱ्होड आयलंड, हवाई, वॉशिंग्टन डीसी. आणि न्यू जर्सी.

न्यू जर्सीचा कायदा वाचायला गेलात तर ‘शॉर्ट बॅरल रायफल’ हा शब्द सापडणार नाही, आणि सापडला नाही म्हणून खूश झालेले दोघे मला भेटलेत. तिथे व्याख्या आहे ‘सॉड-ऑफ शॉटगन’ची, आणि तिच्या पोटात १६ इंचांपेक्षा आखूड नळीची कोणतीही रायफल घातली आहे. रायफलीला शॉटगन म्हणणं विचित्र, पण व्याख्येत विधिमंडळ म्हणेल तेच खरं. नुसतं बाळगणं हा तिथे ‘थर्ड डिग्री’चा, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा, तीन ते पाच वर्षांचा. केंद्राची मंजुरी दाखवून तिथे सुटका होत नाही. एटीएफसुद्धा हे जाणून आहे: एसबीआर एका राज्यातून दुसऱ्यात न्यायची तर आधी ५३२०.२० क्रमांकाचा फॉर्म भरून परवानगी घ्यावी लागते, आणि जिथे बंदी आहे तिथला पत्ता टाकून ती मिळण्याची आशा धरू नका. हा फॉर्म फुकट आहे, आणि एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराची मुदत मागता येते. लुइझियानात मित्राच्या शेतावर दोन दिवस न्यायची असेल तरी तो लागतो. सायलेन्सरला लागत नाही, एसबीआरला लागतो. यात माणसं हमखास गडबडतात.

‘सामानाच्या ट्रकमधून कुलूपबंद नेली तर?’ हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असणार. प्रवासातल्या बंदुकीला संरक्षण देणारं फेडरल कलम आहे, पण ते निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी ती बंदूक कायदेशीर असेल तरच. तुमचं पोचायचं ठिकाणच न्यू जर्सी, तर ते कलम तुमच्या कामाचं नाही.

मग बदली झाली तर काय करता येतं? एक, जाण्याआधी टेक्सासमध्येच विकणं, म्हणजे पुन्हा फॉर्म ४ (मालकी बदलण्याचा अर्ज), पुन्हा मंजुरीची वाट. शेवटच्या महिन्यात हे होत नाही. दोन, बंदूक टेक्सासमध्येच ठेवणं. नोंदणी तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर ती अशा जागी हवी जिथे फक्त तुमचाच हात पोचतो. मित्राच्या घरी त्याच्या ताब्यात ठेवली की ते मंजुरीशिवायचं हस्तांतर. नोंदणी एकट्याऐवजी कुटुंबाच्या ट्रस्टच्या नावावर असेल आणि टेक्सासमध्ये राहणारा एखादा सह-विश्वस्त असेल तर हे सोपं. तीन, आखूड नळीचा वरचा भाग विकून टाकून त्या जागी १६ इंची बसवणं. आखूड भाग तुमच्या ताब्यात उरला नाही की ती साधी रायफल होते, आणि एटीएफला पत्र लिहून नोंदीतून काढायला सांगणं शहाणपणाचं. पण थांबा, न्यू जर्सीत एआर धर्तीच्या रायफलींवर वेगळी बंधनं आहेत, मॅगझिन १० गोळ्यांचीच. म्हणजे १६ इंची केली तरी ती तिथे तशीच नेता येईल असं नाही. या टप्प्यावर न्यू जर्सीतल्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या. माझं टेबल टेक्सासमध्ये आहे.

इथवरचं एका दमात: तुम्हाला टेक्सासमध्ये घेता येते, भावाला हात लावता येत नाही (शिकारीचा परवाना नसेल तर), आणि न्यू जर्सीला नेता येत नाही. आता वस्तूकडे.

मोजमापात लोक का फसतात ते दाखवतो. बंदूक रिकामी आहे याची खात्री केल्यावर बोल्ट (नळीमागचा सरकता भाग) बंद करायचा. नळीच्या तोंडातून साफसफाईचा गज सरळ आत सोडायचा, बोल्टला टेकेपर्यंत. तोंडाशी गजावर चिकटपट्टी लावायची, गज बाहेर काढून टेपने मोजायचं. ती नळीची लांबी. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) त्यात धरलेला असतो. तोंडावरचा ब्रेक किंवा फ्लॅश हायडर (धक्का किंवा ज्वाळा कमी करणारा तुकडा) कायमचा बसवला असेल तरच तो मोजायचा. कायमचा म्हणजे आडवी खीळ मारून वरून वेल्ड, किंवा सभोवार वेल्ड, किंवा उच्च तापमानाचा चांदीचा डाग (सोल्डरिंग). एका गिऱ्हाइकाने जुन्या मालकाकडून ‘सोळाची’ म्हणून घेतलेली रायफल माझ्याकडे आणली. टेपने बाहेरून मोजली तर सोळा आणि वर थोडं. मी तोंडावरचा ब्रेक दोन बोटांत धरून फिरवला, आणि तो बरणीच्या झाकणासारखा निघून माझ्या हातात आला. आत गज घातला तर साडेचौदा. त्या माणसाचा चेहरा बघवेना. आठ महिने तो नोंदणी नसलेली एसबीआर गाडीतून फिरवत होता.

एकूण लांबी दस्ता पूर्ण बाहेर काढून, नळीला समांतर रेषेत मोजतात. हा केंद्राचा नियम. काही राज्यं काही कामांसाठी दस्ता मिटवून मोजतात, कॅलिफोर्नियाची ३० इंचांची अट तशी आहे.

आणि सुटे भाग. तुमच्याकडे एकच रायफल आणि कपाटात एक आखूड वरचा भाग, जो दुसऱ्या कशालाही बसत नाही, तर जोडलेली नसूनही ती एसबीआर मानली जाण्याचा धोका आहे. १९९२ च्या थॉमसन-सेंटर खटल्यात सुप्रीम कोर्टाने भागांचा कायदेशीर उपयोग होत असेल तर नुसते भाग एकत्र असणं म्हणजे बनवणं नव्हे असं म्हटलं. तो खटला एका पिस्तुलाच्या किटचा होता. तुमच्या कपाटाला तो लागू पडेल की नाही हे कपाटात काय काय आहे त्यावर अवलंबून. माझा नियम सोपा: मंजुरी येईपर्यंत आखूड भाग विकतच घेऊ नका. सेलमध्ये स्वस्त मिळतोय म्हणून आधी मागवणारेच सगळ्यात जास्त फसतात.

घ्यायचीच ठरली तर दोन वाटा. दुकानात तयार एसबीआर असेल तर फॉर्म ४: पैसे द्या, अर्ज करा, मंजुरी येईपर्यंत ती आमच्याच तिजोरीत राहते. स्वतः बनवायची तर फॉर्म १. दोन्हींत ठसे, गेल्या वर्षभरातला फोटो, आणि अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला. जुलै २०१६ आधी शेरीफची सही लागायची आणि काही शेरीफ मुळात सहीच करत नसत. तेव्हापासून नुसती प्रत पाठवायची आहे, त्याच्या हो-नाही ला अर्थ नाही. आधीच्या काळात आठ-दहा महिने वाट पाहिलेली माणसं मला आठवतात. ई-फॉर्म रुळल्यावर काम दिवसांवर आणि आठवड्यांवर आलं. जानेवारी २०२६ मध्ये कर शून्य झाल्याबरोबर अर्जांचा लोंढा आला, त्यामुळे आज किती दिवस लागतील हे मी छातीठोक सांगणार नाही.

फॉर्म १ वर बनवली तर बनवणाऱ्याचं नाव, शहर, राज्य धातूवर कोरावं लागतं, किमान ०.००३ इंच खोल. ट्रस्ट करणार असाल तर त्याचं नाव छोटं ठेवा. आमच्या एका गिऱ्हाइकाने श्रद्धेने कुलदैवताचं पूर्ण नाव, मग आडनाव, मग ‘फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट’ असं ठेवलं. कोरणाऱ्याने पट्टी लावून बघितलं आणि मला फोन केला, की रायफल संपते पण नाव संपत नाही. ट्रस्टमध्ये ज्याला विश्वस्त कराल त्या प्रत्येकाचे ठसे आणि फोटो लागतात. पत्नीचं ग्रीन कार्ड झालं असेल तर तिला घ्या, म्हणजे तिजोरीचा आकडा तिला माहीत असण्याचा प्रश्न मिटतो. भावाला घेऊ नका. प्रेमापोटी सगळ्या भावंडांची नावं घालायची सवय इथे नको.

माझं मत विचाराल तर: बदलीचं नक्की होईपर्यंत एसबीआर घेऊ नका. साडेदहा इंचांत जी गंमत आहे ती मला कळते, गाडीत, घरात, सायलेन्सर लावल्यावर ती हाताला फार सुटसुटीत लागते. पण एका वर्षासाठी नोंदणी करून मग टेक्सासमध्ये मागे ठेवण्यात अर्थ नाही. रेंजवर हात बसवायला १६ इंची पुरते, ती आज घेऊन आजच घरी नेता येते आणि नको झाली तर एका दिवसात विकता येते. तुमचे मित्र ब्रेस (हाताला टेकवायचा मागचा आधार) लावलेलं पिस्तूल सुचवतील. २०२३ चा एटीएफचा ब्रेसचा नियम टेक्सासमधल्याच फेडरल कोर्टाने जून २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे इथे ते चालतं. न्यू जर्सीत ते वेगळ्या कलमांत अडकेल, म्हणजे पुन्हा तोच पेच.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेंजची बॅग ती फक्त रेंजची बॅग. तीच रिकामी करून भारतात जाताना हातसामान म्हणून नेऊ नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि सुट्टीचे पंधरा दिवस वकिलाकडे जातात.

तिजोरीचा आकडा आजच बदला, बंदूक यायच्या आधी. बदलीचं पत्र कोणत्या महिन्यात हातात येईल ते कळलं, आणि पत्नीचा इमिग्रेशनचा दर्जा कोणता तेही, की लिहा. मग एकट्याच्या नावावर की ट्रस्ट, फॉर्म १ की ४, ते सांगतो.